चालू सॉफ्टवेअरच्या पोटातल्या जुन्या लायब्रऱ्या

प्रति,
संपादक महोदय,

नाशिकच्या अंबड-सातपूरचे कारखाने, पतसंस्था, पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाऊस, या ठिकाणी चालणारी बिलिंग, स्टॉक आणि हिशेबाची सॉफ्टवेअर बहुतेकदा इथल्याच छोट्या कंपन्यांनी बांधून दिलेली असतात. त्यांच्या देखभालीचा वार्षिक करार असतो. त्यात नवा रिपोर्ट काढून देणे, कराचा दर बदलणे, प्रिंटर जोडून देणे येते. मात्र सॉफ्टवेअरच्या पोटात ज्या मुक्तस्रोत लायब्रऱ्या (इतरांनी लिहून खुले केलेले तयार कोड) बसवलेल्या असतात, त्यांना पहिल्या दिवसानंतर सहसा कोणी हात लावत नाही. ‘चालतंय ना, मग कशाला छेडायचं?’ असे मालकही म्हणतो आणि सॉफ्टवेअरवालाही. ही सवय महागात पडणारी आहे, म्हणून हे पत्र.

बिलाची पीडीएफ काढणे, एक्सेल शीट वाचणे, पासवर्ड सुरक्षित ठेवणे, कोणी कधी काय केले याची नोंद करणे, ही कामे सॉफ्टवेअरवाला स्वतः लिहीत नाही. त्यासाठी तयार लायब्रऱ्या असतात. त्यांचे लेखक जगभर पसरलेले असतात, कोड सर्वांना खुला असतो आणि चूक सापडली की दुरुस्त आवृत्ती फुकट मिळते. पण मोबाइलवरचे अॅप जसे आपोआप अपडेट होते, तसे इथे होत नाही. तुमच्या सर्व्हरवरची प्रत ज्या दिवशी बसवली त्याच दिवशी थांबलेली असते. चूक लेखकांनी सहा वर्षांपूर्वी दुरुस्त केली असेल, तरी तुमच्याकडे ती शाबूत असते, आणि आता ती सर्वांना ठाऊकही असते, कारण दुरुस्तीच्या टिपणातच ती छापलेली असते.

डिसेंबर २०२१ मधले लॉगफोरजे प्रकरण या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या सॉफ्टवेअरसाठी नोंदी लिहिणारी ही लायब्ररी. लॉगिनच्या रकान्यात विशिष्ट मजकूर टाकला आणि तो नोंदीत उतरला, की सर्व्हर बाहेरून कोड ओढून चालवायचा. दुरुस्ती म्हणून २.१५.० आली, ती अपुरी निघाली. मग २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपता संपता २.१७.१. पहिल्या बातमीनंतर एकदा अपग्रेड करून जे निर्धास्त झाले, त्यांचे काम अर्धवट राहिले. जावा ७ वर अडकलेल्यांसाठी २.१२.४ आणि जावा ६ साठी २.३.२ अशा वेगळ्या दुरुस्त आवृत्त्याही निघाल्या. म्हणजे ‘आमचा जावा जुना आहे’ ही सबब तेव्हाही टिकणारी नव्हती. दुसरी गोम अशी की ही फाईल पुष्कळदा दुसऱ्या मोठ्या जार किंवा वॉर फाईलच्या (जावाचे प्रोग्राम बांधून ठेवणाऱ्या गठ्ठ्याच्या) आत दडलेली असते. सर्व्हरवर नुसते फाईलचे नाव शोधले तर ती सापडत नाही. मेव्हन या जावाच्या बांधणी-साधनाच्या ‘डिपेंडन्सी ट्री’ आज्ञेने पूर्ण झाड काढून पाहावे लागते. आणि जे लॉगफोरजेच्या १ क्रमांकाच्या मालिकेवर आहेत, त्यांनी लक्षात घ्यावे की त्या मालिकेची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्येच थांबली आहे.

आता प्रत्यक्ष काम. आवृत्तीचे तीन आकडे असतात. शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्त्या, मधला वाढला तर नवी सोय पण जुने चालू, पहिला वाढला तर जुने काही मोडणार. हा संकेत आहे, हमी नव्हे. वेबपानांत वापरल्या जाणाऱ्या जेक्वेरी या लायब्ररीचे उदाहरण घ्या. ३.५.० ही एप्रिल २०२० ची आवृत्ती सुरक्षेच्या दोन दुरुस्त्या घेऊन आली. वाढला फक्त मधला आकडा, पण एचटीएमएलमधला तिरकी रेघ देऊन एका दमात बंद केलेला डिव्ह टॅग आधी जसा आपोआप सुधारून घेतला जायचा, तसा घेणे बंद झाले. अशा टॅगवर उभारलेला स्क्रीन अपग्रेडनंतर वेडावाकडा दिसतो आणि दोष लायब्ररीला दिला जातो. म्हणून बदलांचे टिपण वाचल्याशिवाय मधला आकडासुद्धा बदलू नये. १ च्या मालिकेतून थेट ३ वर उडीही मारू नये. आधी १.१२ वर यावे, सोबत जुना कोड कुठे अडेल हे सांगणाऱ्या मायग्रेट प्लगइनची १.४.१ आवृत्ती लावावी, ती ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जे इशारे देते ते सगळे निस्तरावेत, मग जेक्वेरी ३ आणि मायग्रेट ३. इशारे फक्त प्लगइनच्या न दाबलेल्या, म्हणजे आकार कमी न केलेल्या, प्रतीत दिसतात. दाबलेली मिन प्रत गप्प राहते, आणि लोक समजतात की सगळे ठीक आहे.

सुरुवात बॅकअपपासून. डेटाबेसचा वेगळा, प्रोग्रामच्या फोल्डरचा वेगळा, आणि तो बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून पाहिलेला. तीच दुसरी मशिन चाचणीची प्रत. त्यावर जुन्या पडलेल्या लायब्रऱ्यांची यादी काढा: जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठी ‘एनपीएम आउटडेटेड’ आणि ‘एनपीएम ऑडिट’, पायथनसाठी ‘पिप लिस्ट आउटडेटेड’, पीएचपीसाठी ‘कंपोझर आउटडेटेड’. यादी लांबलचक येईल, घाबरू नका. सुरक्षेचा दोष असलेल्या आधी, त्यातही बाहेरून आलेला मजकूर किंवा फाईल हाताळणाऱ्या सर्वांत आधी. एका वेळी एकच लायब्ररी बदला, तपासा, लॉक फाईलसकट (बसवलेल्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाईल) कमिट करा, म्हणजे कोडच्या इतिहासात नोंदवा, मग दुसरी. दहा एकदम बदलल्या आणि बिल बिघडले, तर कोणामुळे हे शोधण्यातच आठवडा जातो. ‘एनपीएम ऑडिट फिक्स’ला ‘फोर्स’ जोडण्याचा मोह टाळा. ते पहिला आकडाही बेलाशक बदलते. खऱ्या सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा. ते लॉक फाईलमध्ये लिहिलेल्याच आवृत्त्या बसवते आणि मेळ नसेल तर थांबते.

ही साधने जे सांगतात ते पूर्ण सत्य मानू नका. एक्सेल फाईल वाचणारी शीटजेएस ही आपल्याकडे खूप वापरली जाणारी लायब्ररी एनपीएमच्या भांडारात ०.१८.५ वरच थांबली आहे. पुढच्या आवृत्त्या लेखक स्वतःच्या सर्व्हरवरून देतात. त्यामुळे ‘आउटडेटेड’ म्हणते काही जुने नाही, आणि प्रत्यक्षात ०.१९.३ आणि ०.२०.२ मधल्या सुरक्षा-दुरुस्त्या तुमच्याकडे पोहोचलेल्याच नसतात. खरेदीदाराने ईमेलने पाठवलेली शीट थेट सॉफ्टवेअरमध्ये ओढणाऱ्या प्रत्येक निर्यातदाराने हे विचारून घ्यावे. उलटा प्रकार लिनक्समध्ये दिसतो. उबुंटू, रेड हॅटसारखी वितरणे (लिनक्सचे तयार संच) दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवून देतात, आकडा तोच राहतो. २०१४ चा ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतला हार्टब्लीड दोष मूळ लेखकांनी १.०.१जी मध्ये काढला. रेड हॅटवर मात्र दुरुस्त पॅकेजचाही आकडा १.०.१ई असाच दिसायचा. तिथे पॅकेजचा बदलनामा वाचणे हाच उपाय. तिसरी अडचण पायथनमधल्या पिलो या चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीची. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला. पिपने बसवलेल्या पिलोच्या आत तिची स्वतःची प्रत असते. ऑपरेटिंग सिस्टिम कितीही अपडेट करा, पिलो १०.०.१ वर नेल्याशिवाय ती प्रत बदलत नाही.

तपासणीत स्क्रीन उघडतो की नाही एवढेच पाहून भागत नाही. एकाच बॅकअपवर जुन्या आणि नव्या दोन्ही प्रतींतून मागच्या महिन्याची व्याजआकारणी चालवा, दोन्ही फाईल शेजारी ठेवून पैशापर्यंत जुळवा. पायथन २ वरून ३ वर जाताना गोची नेमकी इथे होते: पूर्वी २.५ चे राउंड ३ व्हायचे, आता २ होते, कारण नवी पद्धत बरोबर मधल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेते. पूर्णांकांचा भागाकारही बदलला, ७ भागिले २ पूर्वी ३ यायचे, आता ३.५. पतसंस्थेत हजारो खात्यांवर एकेक पैसा सरकला की ताळेबंद लागत नाही. उपाय सोपा आहे, रकमेसाठी डेसिमल हा दशांश अचूक ठेवणारा प्रकार वापरा आणि राउंडिंगची पद्धत कोडमध्ये उघड लिहा. पण पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली असताना ‘राउंडिंग बदलेल’ म्हणून तिथेच राहणे हा उपाय नव्हे.

मराठी छपाई ही आपली खास तपासणी, ती परदेशातला कोणीही करून देणार नाही. पीडीएफची लायब्ररी बदलली की एक चाचणीचे पान छापा आणि त्यात त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, निफाड, ज्ञानेश्वर, बोऱ्हाडे, कुऱ्हाडे हे शब्द टाका. अक्षरजोडणी करणारे इंजिन, बहुतेक ठिकाणी हार्फबझ, नीट जोडलेले नसेल तर दिंडोरीतली पहिली वेलांटी द च्या उजवीकडे जाऊन बसते आणि त्र्यंबकेश्वरचा त्र्य सुटा होतो. बोऱ्हाडेमधला अर्धा र त्याहून नाजूक. तो दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकात मुळातच नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापाठोपाठ न दिसणारे जोडचिन्ह. एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती इनपुटमधली अदृश्य चिन्हे ‘स्वच्छ’ करू लागली, की दुसऱ्या तऱ्हेने साठवलेल्या बोऱ्हाडेंचे पासबुकावर बोर्हाडे होते, आणि रफार ह च्या डोक्यावर चढतो. नाव शोधतानाही दोन तऱ्हा दोन वेगळी माणसे ठरतात. हे फक्त डोळ्यांनी पकडता येते, म्हणून पान छापून, खाती सांभाळणाऱ्या माणसाला दाखवावे.

खऱ्या सर्व्हरवर चढवल्यावर सेवा रीस्टार्ट करणे विसरू नका. लिनक्सवर लायब्ररीची फाईल बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच वापरत राहतो. कागदोपत्री दुरुस्ती झालेली, प्रत्यक्षात दोष जिवंत. ‘नीडरीस्टार्ट’ ही आज्ञा अशा सेवांची यादी देते. परत फिरायची वाटही आधी आखा: अपग्रेडने डेटाबेसचा आराखडा बदलला असेल तर जुना प्रोग्राम नुसता परत ठेवून चालत नाही, डेटाही बॅकअपवरून आणावा लागतो. वेळ निवडताना ११ आणि २० तारखेच्या आसपासचे जीएसटी विवरणाचे दिवस टाळा. पतसंस्थांनी मार्च टाळावा, द्राक्षवाल्यांनी जानेवारी ते एप्रिल. त्यांच्यासाठी पावसाळा उत्तम.

सर्वांत नवे ते लगेच घ्यावे, असेही आमचे म्हणणे नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाईल आकसणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम घातलेला चोरदरवाजा उघडकीस आला. स्थिर वितरणांवर राहिलेले लोक त्यातून वाचले. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर दोन-चार दिवसांत, बाकीच्या आवृत्त्या दोन-तीन आठवडे मुरू देऊन, हा आमच्या मते योग्य ताल आहे. लेखकांनीच सोडून दिलेली लायब्ररी असेल तर दुसरी शोधा.

या कामाचे पैसे द्यावे लागतील, हे मालकांनी मान्य करावे. लायब्ररी फुकट असते, ती बदलून तपासण्याची मेहनत नसते. देखभालीच्या रकमेत हे काम धरलेले नसताना सॉफ्टवेअरवाल्याकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. दुसऱ्या बाजूने, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय बसवले आहे याची यादी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये अशा घटकयादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवण्याचा त्यांचा नियम २०२२ पासून आहे. यादीच नसेल तर सहा तासांत सांगणार काय? नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी लॉज आणि वाहनांच्या बुकिंगची नवी संकेतस्थळे जे बांधून घेत आहेत, त्यांनी तर ही यादी पहिल्या हप्त्याआधीच मागावी.

निमा आणि आयमा या नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनांनी सभासदांसाठी कराराचा एक नमुना तयार करावा, अशी विनंती आहे. त्यात पुढील मजकूर घालता येईल: ‘पुरवठादार दर तीन महिन्यांनी सर्व लायब्रऱ्यांची नावे व आवृत्त्यांची यादी देईल; सुरक्षेची गंभीर दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांत ती चाचणी प्रतीवर व ग्राहकाच्या संमतीनंतर मूळ सर्व्हरवर बसवील; या कामाचे तास देखभाल शुल्कात वेगळे दाखवले जातील; लॉक फाईल आणि बॅकअपची एक प्रत ग्राहकाकडे राहील.’

आपले,
सॉफ्टवेअर देखभालीच्या क्षेत्रातील काही अभियंते,
नाशिक