रॅपची मुळे वाळव्यातही आहेत

महोदय,

रविवारच्या पुरवणीत आपल्या जिल्ह्यातील तरुण रॅपरच्या पहिल्या अल्बमचा परिचय वाचला. लेख मनापासून लिहिला आहे, पण त्यात प्रभावांचा शोध न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सुरू होऊन मुंबईच्या गल्लीत संपतो. हिप-हॉप १९७३ मध्ये तिकडे जन्मले, हे खरेच. पण या पोराच्या ठेक्याखाली हलगी कडाडते आणि ओळ संपते तिथे साथीची मुले झीलकऱ्यांसारखी (शाहिरामागे सूर धरणाऱ्या साथीदारांसारखी) ‘जी जी’ धरतात. ही रीत इथलीच! लावणी-तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे आणि लोकशाहीर अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. अण्णा भाऊंनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभारले आणि कामगारांचे जगणे डफावर, त्यांच्याच बोलीत मांडले. कलगी-तुऱ्याचे, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांतले, गाण्यातले सवाल-जवाब ऐकलेल्याला तर रॅप बॅटल, म्हणजे दोन रॅपरमधली शब्दांची झुंज, परकी वाटतच नाही. (काही गाण्यांतल्या शिव्या मात्र खटकल्या; धार त्यांच्याविनाही होती.) या मुलाची मुलाखत घ्याल तेव्हा त्याने लहानपणी कोणते शाहीर ऐकले, हे जरूर विचारा.

– एक वाचक, वाळवा (जि. सांगली)