खलाशांचं जहाज आणि गोव्याचा कारकून

चि. मैत्रेयी हिस,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या बंदरात नेट मिळेल म्हणालीस, म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय. मामाकडे आम्ही मजेत आहोत, फक्त पावसाने पिच्छा पुरवलाय. काल आई आणि मामी बाजारात गेल्या, आणि मी अ‍ॅमस्टरडॅमचं सागरी संग्रहालय बघून घेतलं. घरात तुझ्याशिवाय यातलं कुणाला काही पडलेलं नाही, तेव्हा ऐकावं तुलाच लागणार!

इमारत 1656 सालची, मुळात आरमाराचं कोठार. दोर, शिडं, तोफा, दारूगोळा, सगळं इथून जहाजांवर चढायचं. मधल्या चौकावर आता काचेचं छत आहे आणि त्याच्या पोलादी पट्ट्यांची नक्षी जुन्या सागरी नकाशांवरच्या दिशारेषांवरून घेतली आहे. तू असतीस तर मान वर करून तिथेच उभी राहिली असतीस. आत राजघराण्याची सोनेरी नाव आहे, तिच्यापुढे सगळ्यांचे मोबाइल वर. मी फार थांबलो नाही.

धक्क्याला ‘अ‍ॅमस्टरडॅम’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज उभं असतं. ही प्रतिकृती, 1985 ते 1990 अशी पाच वर्षं खपून बांधलेली. मूळ जहाज जानेवारी 1749 मध्ये पहिल्याच सफरीला बटाव्हियाकडे, म्हणजे आजच्या जाकार्ताकडे निघालं. वादळात सुकाणू गेलं, खलाशी आजाराने पटापट मेले, उरलेल्यांनी बंड केलं. शेवटी इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जजवळ ते वाळूवर चढवावं लागलं आणि तिथेच गाळात रुतलं. मोठ्या ओहोटीला त्याचा सांगाडा अजून दिसतो. इंग्लिश खाडीसुद्धा धड पार न केलेल्या जहाजाची एवढी हौसेने प्रतिकृती करायची, हे मला आवडलं बुवा.

मागे कॅप्टनची केबिन: खिडक्यांची रांग, भरपूर उजेड. तिथून तोफांच्या मजल्यावर उतरलो तर डोळे सरावायलाच वेळ लागला. खलाशांचा संसार या तोफांच्या अधल्यामधल्या जागेत. स्वतःच्या पेटीवर बसायचं, सात-आठ जणांनी एकाच भांड्यात जेवायचं, वर झोळी टांगून झोपायचं. असं आठ-आठ महिने. 1602 ते 1799 या काळात कंपनीच्या जहाजांतून जवळपास 10 लाख माणसं आशियाकडे निघाली, त्यातली निम्मीही परतली नाहीत. काही तिकडेच स्थायिक झाली, पण कितीतरी स्कर्व्ही (ताज्या भाज्या-फळांअभावी होणारा रोग) आणि तापाने गेली. आणि ज्यांच्या दारात ही जहाजं लागली त्यांचं काय? जायफळाच्या मक्तेदारीसाठी 1621 मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती कंपनीने मारली, गुलाम केली किंवा पळवून लावली. सोनेरी नावेपुढच्या गर्दीतल्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते नकाशांपाशी. तेव्हा सूर्य-ताऱ्यांवरून अक्षांश मिळायचा, रेखांश मात्र अंदाजपंचे. आफ्रिकेच्या टोकाचं केप ऑफ गुड होप ओलांडून जोराच्या पश्चिम वाऱ्यावर पूर्वेकडे जायचं आणि नेमक्या जागी उत्तरेला वळायचं, हा ब्राउवर नावाच्या कप्तानाने 1611 मध्ये घालून दिलेला मार्ग. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलिया. 1629 मध्ये कंपनीचं ‘बटाव्हिया’ नावाचं जहाज तिथल्याच खडकांवर फुटलं. तुमच्या जहाजाच्या ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत, स्क्रीनकडे बघितलं की झालं!

आणि या सगळ्याच्या मुळाशी आपला गोवा आहे. यान हायखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 पासून गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस होता. पोर्तुगीज जे मार्ग प्राणपणाने लपवत होते, ते त्याने पाचेक वर्षांत गुपचूप टिपून घेतले. 1595-96 मध्ये ते इथे छापले गेले आणि डच जहाजं मसाल्यांच्या बेटांकडे सुटली. तोफा राहिल्या बाजूला, पोर्तुगिजांचा घात केला एका कारकुनाच्या टाकाने. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला याचा आनंद होणारच, हसू नकोस.

पुढे याच डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, गोव्यावर नजर ठेवायला. आत्याच्या घरी जाताना ते पडकं बांधकाम तू पाहिलंयस. जहाजावरची मुदत संपून, साइन ऑफ होऊन आलीस की एकदा आत शिरून नीट बघू.

आई विचारतेय, लाडू उरलेत का, की पहिल्याच आठवड्यात वाटून टाकलेस? आणि नाइट वॉचनंतर झोप पुरी होते ना, तेवढं कळव.

तुझा,
बाबा