वैमानिकांच्या विश्रांतीत काटछाट नको

महोदय,

मी भुसावळचा, मेल-एक्स्प्रेसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर. धाकटा मुलगा वैमानिक आहे, मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांवर. वैमानिकांची रजाही साप्ताहिक विश्रांतीत धरायला डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी महासंचालनालयानं, वाट मोकळी केली हे वाचून राहवत नाही.

पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणाला चार वैमानिक असतात. दोघे विमान चालवतात, दोघे बंकवर, म्हणजे विमानातल्या झोपायच्या फळीवर, पट्टा बांधून आडवे होतात. विमान हादरलं की झोप मोडते. सॅन फ्रान्सिस्कोला हिवाळ्यात दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन. मुलानं एकदा व्हिडिओ कॉलवर हॉटेलची खोली दाखवली. पँट टांगायच्या हँगरचे चिमटे लावून त्यानं पडद्याची फट बंद केली होती. तरी तीन तासांत जागा झाला, म्हणाला. कागदावर मात्र ती सगळी विश्रांतीच.

आमच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतिगृहात, झोपलेल्या माणसाला कुणी विनाकारण हाक मारत नसे. ड्यूटीला उठवणारा कॉलबॉय दोन तास आधी येऊन वहीत सही घ्यायचा. तोंड धुऊन, चहा पिऊन, स्टेशनपर्यंत चालत गेलं की कुठे डोकं जागेवर यायचं. आणि तरीही पहाटे तीन ते पाच सिग्नलचा रंग मी आणि सहायक एकमेकांना ओरडून सांगत असू. डोळे उघडे असले म्हणजे माणूस जागा असतोच असं नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

22 मे 2010 ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून दरीत गेलं, 158 माणसं गेली. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपले होते, त्यांचं घोरणं कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. झोपेतून उठल्यावरची गुंगी चौकशी अहवालानं कारणांमध्ये नोंदवली. म्हणून बंकवरून उठल्यापासून उतरण्यापर्यंत किती वेळ गेला पाहिजे, हे नियमात ठळक हवं. ते वैमानिकांच्या आपसातल्या समजुतीवर सोडू नये.

1 जुलै 2025 पासून आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तास झाली, तेव्हा घरात आम्हाला हायसं वाटलं होतं. पण वैमानिक पुरेनात, एका मोठ्या कंपनीची उड्डाणं धडाधड रद्द झाली, आणि 5 डिसेंबरला डीजीसीएनं रजा ही साप्ताहिक विश्रांती धरू नये ही सूचनाच मागे घेतली. प्रवाशांचे हाल झाले, मान्य. पण बहिणीच्या लग्नाला घेतलेली रजा म्हणजे विश्रांती कशी? लग्नघरात कोण झोपतं? माणसं कमी पडली तर उड्डाणं कमी करा, आणखी वैमानिक घ्या. नियम जानेवारी 2024 मध्येच ठरले होते, तयारीला वेळ भरपूर होता.

मागच्या खेपेला मुलगा घरी आला आणि उंबऱ्यावर बसून बूट काढता काढता एक बूट हातात धरूनच झोपला. त्याच्या आईनं तो बूट हळूच काढून घेतला आणि दाराची बेल बंद करून ठेवली. डीजीसीएनं ती सूचना पुन्हा लागू करावी, एवढी विनंती.

– एक निवृत्त मेल ड्रायव्हर, भुसावळ
12 डिसेंबर 2025