मामा तलावांच्या काठाला कर्दळ नको

महोदय,

भंडारा-गोंदियातल्या माजी मालगुजारी (मामा) तलावांचा, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या गावतलावांचा, गाळ काढून झाला की काठ 'सुशोभित' करायची घाई होते. मग कर्दळ, गुलमोहर आणि खुद्द पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) झाडांची रांग. चिखलात गुलमोहराची मुळे कुजतात. पाळीवर झाड तर लावूच नये. ते मेले की मुळे कुजून मातीत पोकळ नळ्या राहतात आणि पाळ झिरपू लागते. तिथे हरळी किंवा वाळा पुरे.

काठावर काय लावायचे, हे तिथे किती महिने पाणी उभे असते यावर ठरवावे. जिथे पाणी दोन-तीन महिनेच राहते, तिथे समुद्रफळ, अर्जुन, वाळुंज. रोप कमरेएवढे हवे आणि लावायचे ते दिवाळीनंतर, पाणी ओसरताना, ओल्या चिखलात. जूनमध्ये लावले तर मूळ धरायच्या आत बुडते. उन्हाळ्यात मात्र त्याला पाणी द्यावे लागेल. वाळुंजाला रोपही लागत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीची दोन फुटी काडी दोन-तृतीयांश चिखलात खोचली की फुटते.

त्याखालच्या उथळ पाण्यात देवधान (रानटी भात). पानकणीस हे उंच पाणगवत आपलेच असले तरी मोकळे सोडले तर तलाव गिळते. ते पाण्याच्या पातळीखाली कापावे, म्हणजे बुडख्यात पाणी शिरून ते कुजते. नागरमोथा धानाच्या बांधीजवळ लावायच्या भानगडीत पडू नये, शेतकरी शिव्या देतील.

माशांना आसऱ्याला आणि अंडी घालायला पाण्याखालच्या वनस्पती लागतात, आणि गाळ उपसताना नेमक्या त्याच जातात. म्हणून काठाचा थोडा पट्टा न उपसता ठेवावा. पाणी निवळल्यावर, साधारण ऑक्टोबरात, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या आठ-दहा काड्यांची जुडी चिखलाच्या गोळ्यात खोचून गुडघा ते कमरेएवढ्या पाण्यात सोडावी. गढूळ पाण्यात ऊन पोचत नाही, जुडी सडते.

या सगळ्याआधी बेशरम ही काठावर माजणारी परदेशी वनस्पती काढायला हवी, तीही मुळासकट आणि पावसाआधी. कापून काठावर टाकलेली कांडी पुन्हा रुजते, म्हणून ती उंच कोरड्या जागी वाळवावी.

मच्छीमार संस्थांना एक विनंती : पहिली दोन वर्षे गवत्या (ग्रास कार्प) माशाचे बीज सोडू नका, तो लावलेले सगळे फस्त करतो. रोहू, कटला, मृगळ चालतील.

– एक वाचक, साकोली (जि. भंडारा)