त्याच्या आईशी काय बोलायचं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र गेला, आणि फोनवर तू विचारलंस, "त्याच्या आईला भेटायला गेलो तर बोलू काय?" आणि मी "लिहिते नंतर" म्हणून वेळ मारून नेली. फोनवर मला ते जमलं नसतं.

माझी शाळेतली एक मैत्रीण लहान वयात गेली, एवढंच तुला ठाऊक आहे. आज नीट सांगते.

आमचे हजेरीचे क्रमांक लागोपाठचे, म्हणून बाकही एकच. ती फार हुशार होती असं तिच्या पश्चात सगळे म्हणायला लागले. गणितात ती माझ्याच वहीवर जगायची! पेन घेतलं की परत नाही, आणि दिलंच तर टोपण चावलेलं. भांडण उकरून काढायची हौस दांडगी. पण नकला अशा करायची, की जिची नक्कल चालली आहे त्या बाईच दारात उभ्या राहून हसत असायच्या.

सातवीत तिला ताप आला. त्याआधी दोनेक आठवडे घसा दुखत होता, पण घसा कुणाचा दुखत नाही? मग गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा, मग कोपर. वाढत्या वयाची दुखणी म्हणून घरच्यांनी शेकलं, आणि सांधे खरंच बरे झाले. रुमॅटिक तापाची हीच खोड. सांध्यांवर तो खूण ठेवत नाही, हृदयाच्या झडपांवर ठेवतो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंशी लढायला शरीर जे तयार करतं, तेच स्वतःच्या हृदयावर उलटतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा ताप जास्त गाठतो. घशाच्या दुखण्यामागे हे जिवाणू आहेत असं वेळेत ओळखून पेनिसिलिन दिलं, तर तो बहुतेक वेळा टळतो. पेनिसिलिनचा शोध 1928 चा, म्हणजे औषध आमच्या जन्माआधीपासून होतं. हे सगळं मला मोठी झाल्यावर वाचून कळलं आणि वाचून बरं वाटलं नाही.

तेव्हा कळत होतं ते इतकंच, की दर तीन-चार आठवड्यांनी तिला एक इंजेक्शन घ्यावं लागतं आणि ते भयंकर दुखतं. दुसऱ्या दिवशी ती बाकावर एका अंगावर कलून बसायची आणि मला कडेला ढकलायची. त्या इंजेक्शनाने बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. पुन्हा संसर्ग होऊन ती आणखी बिघडू नये म्हणून ते वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. बरं वाटत असताना सुई टोचून घ्यायची, हे बारा-तेरा वर्षांच्या पोरीला कोण पटवणार? खेळाच्या तासाला तिला पायरीवर बसवून गुण मोजायला लावत. तिच्या आवडीचा संघ कधी हरला नाही. पुढे पुढे जिना चढताना मधेच थांबून ती चपलेचा पट्टा नीट करायची. पट्टा ठीकच असायचा.

नववीत असताना ती गेली. त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी तिथे नव्हते.

वर्गात तिचं नाव कुणी घेईना. आमच्या भल्यासाठीच असेल, पण मला ते आजही पटलेलं नाही. नाव घेतलं नाही म्हणून आठवण थांबत नाही, जो तो एकेकटा आठवत बसतो.

नंतर आजी मला त्यांच्या घरी घेऊन गेली. मी पाठ करून गेले होते, "ती खूप गुणी होती." काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुणी होती हे सगळेच सांगतात गं. शाळेत तिला ओरडा कशाबद्दल बसायचा, ते सांग." मी चावलेल्या टोपणांचं सांगितलं, गुणांच्या लबाडीचं सांगितलं. त्या मधेच हसायच्या, मधेच पदर डोळ्यांना लावायच्या. निघताना म्हणाल्या, पुन्हा ये. मग मी जात राहिले. कॉलेजात असतानाही जायचे.

म्हणून तू जा. "देवाला आवडला", "सावरा आता" यातलं काही म्हणू नकोस. वयाने मोठी माणसं ते म्हणतच असतील. वर्गातला, वसतिगृहातला तो कसा होता हे त्याच्या आईने पाहिलेलं नाही, ते फक्त तुम्हा पोरांकडे आहे. पैसे उसने घेऊन विसरायचा, घोरायचा, कुणावर चिडायचा, असलंच काहीतरी सांग. त्यांना रडू आलं तर घाबरून विषय बदलू नकोस. त्याच्या आवाजातले निरोप तुझ्या फोनवर असतील, ते मात्र विचारल्याशिवाय ऐकवू नकोस. आणि नंबर आत्ता खोडायलाच हवा असं कुणी सांगितलंय?

पहिले काही आठवडे त्या घरात माणसांची ये-जा असेल. ती आटली की पुन्हा एकदा जा. ती दुसरी खेप जास्त महत्त्वाची, असं मला वाटतं.

एकट्याला जड वाटत असेल तर कळव, मी येते. आत येऊ नकोस म्हणालास तर बाहेर थांबेन.

तुझी,
आई