उघडी शीतकपाटे आणि काचेची दारे

महोदय,

बेळगाव, निपाणी, खानापूर परिसरातील काही मोठ्या दुकानांत दूध, दही, पनीर असे पदार्थ समोरून उघड्या असलेल्या शीतकपाटांत मांडलेले दिसतात. ग्राहकाचा हात सहज पोहोचावा हा हेतू समजण्यासारखा असला, तरी थंड हवा जड असल्याने ती खालून सतत बाहेर सांडते आणि तिच्या जागी दुकानातील उबदार, दमट हवा आत शिरते. शीतयंत्रावरचा बहुतांश भार याच हवेचा असतो. आपल्या पावसाळ्यात तर त्या दमटपणाचा नळ्यांवर बर्फ साचतो आणि तो वितळवण्यासाठी पुन्हा वीज जळते.

हे टाळणारी, काचेची दारे असलेली कपाटेही मिळतात. त्या काचेवर दव धरून माल दिसेनासा होतो, ही दुकानदारांची तक्रार खोटी नाही. परंतु दुहेरी काच व चौकटीतील बारीक हीटर हा त्यावरचा रुळलेला उपाय आहे. (कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील शीतपेये दारामागूनच खपतात, हेही खरे!) शिवाय पाश्चराइज्ड दूध ५ अंश सेल्सिअसपर्यंतच राखावे लागते आणि वीज गेल्यास उघड्या कपाटात ते फार वेळ जमत नाही. नवी दुकाने थाटणाऱ्यांनी आरंभीच दारे असलेली कपाटे घ्यावीत, आणि जुन्या कपाटांना ती बसवता येतात का, याची विक्रेत्यांकडे चौकशी करावी, ही विनंती.

– एक ग्राहक, टिळकवाडी, बेळगाव