हप्त्याआधीचे 23 लाख

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पाडवा किंवा दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींनी भरून जातात. 'टू बीएचके 70 लाखांपासून' असा ठळक आकडा आणि खाली बारीक अक्षरांत 'अटी लागू'. नुकतीच नोकरीत स्थिरावलेली जोडपी हा आकडा घेऊन बँकेत जातात, महिन्याचा हप्ता विचारतात आणि दोघांच्या पगारात तो बसतो म्हटल्यावर बुकिंग करून मोकळी होतात. घर अडते ते त्यानंतर. कर्ज मंजूर असूनही पंचविशी-तिशीतल्या मुलांचे पाऊल अडखळते ते सुरुवातीच्या रोख रकमेपाशी. ही रक्कम किती लागते हे त्यांना आधी कोणी नीट सांगत नाही, म्हणून तो हिशेबच इथे मांडतो.

बांधकाम सुरू असलेले, 70 लाख करारमूल्याचे घर धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम मिळते. म्हणजे कर्ज 56 लाख, स्वतःचे 14 लाख. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार. नोंदणी फी 30 हजार. जीएसटी 5 टक्क्यांनी साडेतीन लाख. एवढ्यातच बेरीज 22 लाख 70 हजारांवर जाते. ताबा घेताना दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ मागितला जातो. 700 चौरस फुटांना महिना साडेतीन रुपयांनी धरला, तर 18 टक्के जीएसटीसह तो सुमारे 69 हजार होतो. झाले 23 लाख 39 हजार. बँकेची प्रक्रिया फी, कर्जासाठी घराचे कागद गहाण ठेवतानाचे वेगळे मुद्रांक शुल्क, खिडक्यांची ग्रिल, पंखे, गिझर, किचन ट्रॉल्या यांतले काहीही या बेरजेत नाही.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक कर्जाच्या हिशेबात धरत नाही, हे अनेकांना करार नोंदवायच्या आठवड्यात कळते. जीएसटी धरायचा की नाही हे बँकेगणिक बदलते, ते मंजुरीपत्र घेतानाच लेखी विचारावे. आणखी एक खाच: बँक करारमूल्य आणि स्वतःच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांपैकी कमी रकमेवर 80 टक्के देते. मूल्यांककाने 66 लाख लावले, तर कर्ज 52 लाख 80 हजारांवर येते आणि आणखी 3 लाख 20 हजार पदरचे घालावे लागतात. जुने घर घेताना हे जास्त घडते. म्हणून टोकन, म्हणजे बुकिंगची पहिली रक्कम, देण्याआधी मूल्यांकन करून घेणे शहाणपणाचे. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही टोकन देतानाच लक्षात ठेवावे.

घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, वरच्या उदाहरणात 70 हजार. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतले की ती जाते. कर्ज दोघांच्या पगारावर हवे असेल तर पतीला मालक न करता सहकर्जदार करता येते. मात्र मग आयकरातली व्याजाची वजावट त्याला मिळत नाही, कारण ती मालकालाच असते. नव्या करप्रणालीत असाल तर हा तोटा उरतच नाही. स्वतः राहत्या घराच्या कर्जव्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट तिथे मुळातच नाही.

आता जीएसटीचा उंबरठा पाहा. 1 एप्रिल 2019 पासून परवडणाऱ्या घराला 1 टक्का आणि बाकीच्यांना 5 टक्के असा दर आहे. या नियमात पुणे महानगर म्हणून धरलेले नाही, त्यामुळे इथे कार्पेट क्षेत्राची (घराच्या आतल्या वापराच्या जागेची) मर्यादा 90 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 969 चौरस फूट आहे. क्षेत्राला ही मर्यादा ऐसपैस आहे. गळ्याशी येते ती 45 लाखांची किंमत. या 45 लाखांत नुसता दर धरत नाहीत. पार्किंग, वरच्या मजल्याचे किंवा बागेकडच्या बाजूचे जादा पैसे, क्लबहाऊस, विकास शुल्क असे बिल्डर जे जे घेतो ते धरतात. 44 लाखांच्या घरात पार्किंगचे दोन लाख मिळवले की रक्कम 46 लाख होते आणि कर 45 हजारांच्या जवळपास राहण्याऐवजी 2 लाख 30 हजारांवर उडी मारतो. गेल्या काही वर्षांत पुण्यातले दर कुठल्या कुठे गेले, ही मर्यादा मात्र 2019 मध्ये होती तिथेच आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदानासाठी घराची किंमत 35 लाखांच्या आत लागते. वाकड, बाणेर, खराडी सोडाच, धायरी किंवा आंबेगावातही या किमतीत नवे टू बीएचके शोधून दाखवावे.

बांधकाम सुरू असताना दुहेरी ओझे असते. रेराच्या नमुना करारात पायथा (जोते) पूर्ण होईपर्यंत जास्तीत जास्त 45 टक्के आणि सगळे स्लॅब पडेपर्यंत 70 टक्के रक्कम घेता येते. वरच्या उदाहरणात पायथ्यापर्यंत साडेएकतीस लाख गेले. त्यातले 14 लाख स्वतःचे धरले तर कर्ज साडेसतरा लाख, आणि 8.5 टक्क्यांनी त्याचे नुसते व्याज महिना सुमारे 12,400. स्लॅब संपले की कर्ज 35 लाख आणि व्याज 24,800. मुद्दल यातून एक रुपयाही फिटत नाही. शिवाय ज्या भाड्याच्या घरात राहायचे, त्याचे भाडे चालूच. ताबा वर्षभराने लांबला तर हे वर्ष सरळ खिशातून जाते. रेराच्या कलम 18 प्रमाणे विलंबाचे व्याज मागता येते, पण त्यासाठी तक्रार करावी लागते आणि करारातली ताब्याची तारीख स्पष्ट असावी लागते. 'अंदाजे' असा शब्द असेल तर सही करण्याआधी तो काढून घ्यावा.

पूर्ण हप्त्याबद्दल थोडक्यात. 56 लाखांना 20 वर्षे, 8.5 टक्के दराने महिना सुमारे 48,600 लागतात. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. तेव्हा पावणेसात टक्क्यांनी नवे कर्ज घेतलेल्याचा 42,580 चा हप्ता तोच ठेवला, तर सव्वानऊ टक्क्यांवर पहिल्या महिन्याचे व्याजच 43,000 च्या पुढे जाते. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढते. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे ग्राहकाला विचारलेच पाहिजे. बँकेची ही पत्रे वाचून उत्तर द्यावे. उत्तर न दिल्यास बहुधा मुदतच वाढते.

हे 23 लाख साठवायचे कुठून? भाड्यातून उरेल त्यातून. आणि पुण्यात भाड्याची पद्धत साठवणुकीच्या मुळावर उठलेली आहे. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी दलाली, पाच-दहा टक्के वाढ. अकरा महिन्यांची ही प्रथा मुळात वर्षाखालच्या करारांना नोंदणी लागत नाही या कल्पनेतून आली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नेहमीचा भाडेकरार, कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. म्हणजे अकरा महिन्यांत कोणाचाच फायदा नाही, दलाल सोडून. करार 60 महिन्यांपर्यंत करता येतो, मुद्रांक शुल्काचा दर तोच. 25 हजार भाडे आणि एक लाख डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांचे शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या 10 टक्के वार्षिक व्याजावर 0.25 टक्के, म्हणजे सुमारे 710 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1000. सरकारकडे जाणारी मुख्य रक्कम एवढीच. तीन वर्षांचा करार, दर वर्षीच्या वाढीचा आकडा त्यातच लिहून, एकदाच नोंदवा. दोन वेळची दलाली वाचते आणि मुलांना घर बदलण्याची टांगती तलवार राहत नाही.

नव्या हद्दीत आणखी एक खर्च जाहिरातीत नसतो: पाणी. महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली, पण वाघोली, उंड्री, पिसोळीत जलवाहिनी त्या वेगाने पोहोचली नाही. 200 सदनिकांत चार-चार माणसे आणि माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला 1 लाख 8 हजार लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे अकरा टँकर. टँकर हजार रुपयांना धरला तरी घरटी महिना 1,650 रुपये, मेंटेनन्सशिवाय. घर बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटपेक्षा शेजारच्या दोन-तीन वर्षे जुन्या सोसायटीच्या वॉचमनला एप्रिल-मे महिन्यात रोज किती टँकर येतात ते विचारा.

यावर उपाय हाताशी आहेत. राज्याने 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी कमी केले होते आणि नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या होत्या. सरसकट नको, पण पहिले घर घेणाऱ्याला मेट्रो अधिभाराचा 1 टक्का तरी माफ करावा. केंद्राने 45 लाखांची मर्यादा वाढवावी, आणि ती ओलांडताच सगळ्या रकमेवर 5 टक्के लावण्याऐवजी फक्त वरच्या रकमेवर लावावेत. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. ती तरतूद राज्याने स्वीकारावी.

आणि एक विनंती आपल्याच वर्तमानपत्राला. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत, 'ताबा मिळेपर्यंत कर्जाशिवाय लागणारी रोख रक्कम' असा एकच आकडा छापल्याशिवाय गृहप्रकल्पाची जाहिरात स्वीकारू नये.

आपला,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे